खिडकीतले कबुतर आणि न केलेला फोन

पत्र

माझे वय ५२ आहे. गेल्या दीड वर्षापासून रोजच्या जगण्यात दिसणाऱ्या प्राण्यांकडून मला काय शिकायला मिळाले, ते मी एका वहीत लिहून ठेवते. कोळी चिकाटी शिकवतो, पाल जुने टाकून द्यायला शिकवते, मांजर आहे त्यात समाधान मानायला शिकवते, अशा त्या नोंदी आहेत. या वहीने मला फार कठीण दिवसांत सावरले. माझ्या मुलीने नोकरी सोडली तेव्हा मी तिला नको ते बोलले आणि तेव्हापासून, म्हणजे आठ महिने, ती माझ्याशी बोललेली नाही. आपण होऊन फोन करावा की नाही, हे माझे ठरत नव्हते. त्याच सुमारास खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत कबुतराने दोन अंडी घातली. ती आई दुपारभर एकटी, न हलता बसलेली असे आणि तिच्याकडे पाहून मला भरून येई. पिल्ले बाहेर आली की फोन करायचा, असे मी मनाशी ठरवले. तीन आठवडे उलटून गेले, अंडी फुटली नाहीत आणि एके दिवशी कबुतर उडून गेले ते पुन्हा अंड्यांवर बसलेच नाही. आता मुलीचा नाद सोडून द्यावा, असा हा इशारा समजायचा का? माझा भाऊ या सगळ्याला खुळेपणा म्हणतो. बहिणीने मात्र मला धीर देण्यासाठी गरुडाच्या पुनर्जन्माचा संदेश पाठवला आहे.

ता. क. अंडी अजून कुंडीतच आहेत. त्यांचे काय करू?

– कबुतरांची शेजारीण

उत्तर

ताई,

तुमची वही हा खुळेपणा नाही आणि कबुतराचे जाणे हा इशाराही नाही, एवढे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे सारे तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. अंड्यांचे काय करायचे ते शेवटी सांगते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ अडले. ‘ती आई दुपारभर एकटी, न हलता बसलेली असे,’ असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही ज्याला कबुतर म्हणता तो बहुधा राखाडी पारवा असणार, आणि पारव्यांमध्ये अंडी उबवण्याचे काम नर आणि मादी वाटून घेतात. सकाळ वर आल्यापासून उन्हे उतरेपर्यंत साधारणपणे नर बसतो आणि तिथून पुढे रात्रभर, दुसऱ्या दिवशीची सकाळ वर येईपर्यंत मादी बसते. दोघे दिसायला इतके सारखे असतात की पाळी बदलताना दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय, आणि पुष्कळदा पाहूनही, कोण कोणता ते आपल्याला ओळखू येत नाही. म्हणजे भर दुपारी जिच्याकडे पाहून तुम्हाला भरून येत होते, ती बहुधा आई नव्हतीच, तो बाप होता. शिवाय तो एकटाही नव्हता, कारण त्याची जोडीदारीण तेवढ्या वेळात दाणापाणी उरकून संध्याकाळच्या पाळीला परतणार होती. (पिल्ले झाली असती तरी हीच वाटणी दिसली असती. पहिले काही दिवस पिल्लांना जे ‘दूध’ भरवले जाते, ते नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत तयार होते.)

ही माहिती तुमची चूक काढण्यासाठी सांगत नाही. समोर दोन पक्षी आळीपाळीने बसत होते आणि तुम्हाला त्या जागी एकटी पडलेली आई दिसली, ही गोष्ट पारव्यांविषयी काहीच सांगत नसली तरी तुमच्याविषयी बरेच सांगते. गेले आठ महिने घरात कोण एकटे बसून आहे, ते त्या वाक्यात उतरले आहे. वहीतल्या बाकीच्या नोंदीही याच नजरेने एकदा वाचून पाहा. चिकाटी, जुने टाकून देणे, आहे त्यात समाधान मानणे, हे तिन्ही गुण दीड वर्षात तुम्हाला स्वतःसाठी हवे होते, आणि ज्याला जे हवे असते ते त्याला कोळ्यात, पालीत नाहीतर मांजरात सापडतेच. म्हणून ती वही मला मोलाची वाटते. फक्त ती प्राण्यांची वही आहे असे समजून वाचू नये.

आता तुमच्या भावाविषयी. प्राण्यांत माणसाचे गुणदोष पाहणे हा खुळेपणा मानला तर अर्धी मराठी भाषा खुळी ठरेल. मुंगी होऊन साखर खावी, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, कोल्ह्याला द्राक्षे आंबट, हे आपण विचार करूनसुद्धा बोलत नाही, आपोआप तोंडात येते. त्याहून गंभीर दाखला हवा असेल तर भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताचा घ्या. यदु राजाने त्याला विचारले की तुला हे ज्ञान कुठून मिळाले, तेव्हा त्याने चोवीस गुरूंची यादी सांगितली, आणि तिच्यात पृथ्वी, वारा, समुद्र यांच्या बरोबरीने अजगर, पतंग, मासा, हरिण, कोळी आणि चक्क कबुतरही आहे. मात्र हे गुरू आपण आपल्या बुद्धीने पत्करले, असे अवधूत आरंभीच स्पष्ट करतो. यातले कित्येक प्राणी त्याला कसे वागू नये हे शिकवतात. पतंग दिव्यावर झेप घेऊन जळतो आणि मासा आमिषापायी गळाला लागतो. मधमाशीकडून तर तो दोन निरनिराळे धडे घेतो. थोडेथोडे सगळीकडून गोळा करावे हा एक, आणि साठवून ठेवू नये, नाहीतर साठ्यासकट नाश होतो, हा दुसरा. म्हणजे निवड करणारा अवधूत आहे, मधमाशी आपले काम करते आहे. हे भावाला सांगून पाहा, पण त्याला नाही पटले तरी वाद घालत बसू नका.

तुमचे गाडे अडले ते वहीमुळे नाही. ‘पिल्ले बाहेर आली की फोन करायचा’ असे तुम्ही ठरवलेत, त्या दिवशी धडा संपला आणि कौल सुरू झाला. या दोहोंत मोठा फरक आहे. धडा आपण उलटसुलट करून तपासू शकतो, त्यातले पटेल ते घेऊ शकतो आणि उद्या नवे काही दिसले तर तो बदलूही शकतो. कौल लावला की विचार करायचे कारणच उरत नाही, आणि खरे सांगायचे तर आपण तो बहुतेक वेळा त्यासाठीच लावतो. फोन केला आणि मुलीने उचलला नाही तर काय, ही भीती तुमच्या एकटीच्या खांद्यावर जड झाली होती आणि तुम्ही ती दोन अंड्यांवर ठेवलीत. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. आपल्या पूर्वजांनाही हा मोह ठाऊक असला पाहिजे, एरवी ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण त्यांना सुचली नसती.

कौल लावण्याच्या या सवयीवर एक प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे, आणि गंमत म्हणजे तो कबुतरांवरच झालेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये काही भुकेली कबुतरे पिंजऱ्यात ठेवली आणि ती काहीही करोत वा न करोत, ठरावीक सेकंदांच्या अंतराने त्यांच्यापुढे दाणे येतील अशी व्यवस्था केली. थोड्याच वेळात एक कबुतर पिंजऱ्यात घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने गिरक्या घेऊ लागले, दुसरे पुन्हा पुन्हा वरच्या एका कोपऱ्यात डोके खुपसू लागले, आणखी काही जण लंबकासारखी मान डोलवू लागले. दाणे यायच्या क्षणी आपण जे करत होतो त्यामुळेच दाणे आले, असे जणू त्यांच्या मनाने घेतले, असा अर्थ स्किनर यांनी लावला. पुढच्या संशोधकांनी त्याच हालचालींचा वेगळा अर्थही लावला, तो वाद आपण बाजूला ठेवू. पण संबंध नसलेल्या दोन गोष्टींची गाठ मारण्याच्या सवयीचे उदाहरण म्हणून ज्या पक्ष्याचे नाव घेतले जाते, त्याच पक्ष्याच्या येण्याजाण्यावरून तुम्ही मुलीला फोन करायचा की नाही ते ठरवत होता, हे वाचून तुम्हालाही हसू येईल असे वाटते.

कौल किती ठिसूळ असतो हे पाहायचे असेल तर तुमच्याच कुंडीतली हकीकत घ्या. पारव्याची अंडी साधारण १७ ते १९ दिवसांत फुटतात. तुमची जोडी तीन आठवड्यांहून अधिक बसली होती. म्हणजे मुदत टळून गेल्यावरही ती दोघे काही दिवस उबवतच राहिली आणि मग उठली. अंडी फलित नसावीत किंवा आतला जीव आधीच गेला असावा. आता यावरून मी तुम्हाला म्हणू शकते की बघा, मुदत संपल्यावरही त्यांनी आशा सोडली नव्हती, तुम्हीही सोडू नका. दुसरा कोणी म्हणेल की पारवे एक वीण फसली तर लवकरच पुन्हा अंडी घालतात आणि पुष्कळदा त्याच जागी घालतात, म्हणून तुम्हीही नव्याने सुरुवात करा. अवधूताला विचारलेत तर तो तिसरेच सांगेल, कारण त्याच्या गोष्टीतले कबुतर पिल्लांच्या मायेपोटी आपण होऊन जाळ्यात शिरते आणि त्याने त्यावरून अतिमायेचा धोका ओळखला. एकाच पक्ष्यावरून तीन तोंडांना तीन सल्ले काढता येतात आणि तिन्ही ऐकायला गोड लागतात. म्हणून यातला कोणताही सल्ला मी तुम्हाला देणार नाही, तुम्हाला सोयीचा असलेला तर मुळीच नाही.

मग प्राण्यांकडून काही शिकूच नये का? शिकावे, पण प्राण्याला त्याचे म्हणणे पुरते करू द्यावे. तुमच्या नोंदींची मला एकच अडचण वाटते, ती ही की त्या फार लवकर संपतात. पालीचेच पाहा. माझ्या टेबलाखाली एकदा पालीची तुटलेली शेपटी वळवळत होती आणि ती थांबेपर्यंत मी पाय वर घेऊन बसले होते, म्हणून या विषयावर मी थोड्या अधिकाराने बोलू शकते. पाल शेपटी सहजासहजी टाकत नाही. कोणी पकडले किंवा जिवावर बेतले तरच टाकते. शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या जागा मुळातच तयार असतात, आणि शत्रू त्या वळवळीकडे पाहत राहतो तोवर पाल निसटते. पण त्या शेपटीत तिने साठवलेली चरबी असते आणि तीही शेपटीबरोबर जाते. नवी शेपटी उगवायला पुन्हा अंगातलीच शक्ती खर्च होते, आणि उगवलेल्या शेपटीत मणके नसतात, त्यांच्या जागी कूर्चेची नळी असते. भिंतीवरची पाल नीट पाहिलीत तर रंगाच्या आणि खवल्यांच्या फरकावरून जोड कुठे आहे ते कित्येकदा दिसते. ‘जुने टाकून द्यावे’ ही तुमची ओळ एवढे पाहिल्यानंतरही तशीच राहील का, ते तुम्हीच ठरवा. मला तरी त्यात टाकण्यापेक्षा मोजाव्या लागलेल्या किमतीची गोष्ट जास्त दिसते.

कोळ्याचीही तीच गत आहे. गोल जाळे विणणाऱ्या जातींपैकी पुष्कळ कोळी जुने जाळे रोज उतरवतात, तो धागा खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिने नव्या धाग्यासाठी वापरतात. ही चिकाटी आहेच. पण एखाद्या जागी भक्ष्य सापडेनासे झाले की ते जागा बदलतात. त्याच कोपऱ्यात जन्मभर विणत राहणारा कोळी आपण कल्पनेत उभा केलेला आहे. मांजराबद्दल थोडक्यात सांगते. मांजर सुखात असताना घुरघुरते हे खरे, पण दुखापत झालेले, आजारी किंवा वीत असलेले मांजरही घुरघुरते, तेव्हा केवळ आवाजावरून समाधान गृहीत धरू नये.

जाता जाता आपल्या भाषेनेही एका प्राण्यावर अन्याय केला आहे, तो नोंदवल्यावाचून राहवत नाही. सरड्यासारखे रंग बदलणे म्हणजे लबाडी, असे आपण म्हणतो. पण विणीच्या हंगामात कुंपणावरच्या सरड्याचे डोके आणि खांदे लालभडक होतात ते लपण्यासाठी नव्हे, मादीला आणि दुसऱ्या नरांना दिसावे म्हणूनच. तो बिचारा आपल्या मनातले उघड उघड सांगत असतो.

बहिणीने पाठवलेला गरुडाचा संदेश माझ्याकडेही अनेकदा आलेला आहे. चाळिसाव्या वर्षी गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच मोडतो, नखे आणि पिसे उपटतो, पाच महिने थांबतो आणि मग आणखी तीस वर्षे जगतो, असे त्यात असते. यातले काहीही घडत नाही. चोच मोडलेला शिकारी पक्षी पाच महिने जगूच शकणार नाही, उपाशी मरेल. मोठे गरुड मोकळ्या निसर्गात साधारण २० ते ३० वर्षे जगतात, त्यामुळे चाळिशीतल्या पेचप्रसंगाचा प्रश्नच येत नाही. चोच आणि नखे जन्मभर वाढत राहतात आणि वापराने झिजतात. पिसे मात्र तो खरोखरच बदलतो. ती थोडी थोडी करून झडतात, उडणे आणि शिकार करणे चालू राहील अशा बेताने, आणि मोठ्या गरुडाची सगळी पिसे बदलून व्हायला एकाहून अधिक वर्षे लागतात. बहिणीचा हेतू चांगला आहे, तेव्हा तिला दुखवू नका. पण धीर हवाच असेल तर रक्तबंबाळ गरुडापेक्षा एकेक पीस बदलणारा हा गरुड मला अधिक भरवशाचा वाटतो.

वही चालू ठेवा, फक्त तिची दोन पाने करा. डाव्या पानावर जे दिसले तेवढेच लिहा, वेळेसह आणि शक्यतो विशेषणांशिवाय. उदाहरणार्थ, ‘दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. कबुतर अंड्यांवर, तोंड भिंतीकडे. पंधरा मिनिटांत दोनदा उठले, चोचीने अंडी फिरवली, पुन्हा बसले.’ ‘न हलता बसलेली’ हे तुमचे शब्द अशा नोंदीत टिकले नसते, कारण अंड्यांवर बसलेला पक्षी मधूनमधून ती फिरवत असतो. उजवे पान चार दिवस कोरे ठेवा आणि मग डावीकडचे पुन्हा वाचून त्यावर मनात आलेले लिहा. तिथे विशेषणे हवी तेवढी वापरा. आणि जो धडा तुमच्या आधीच ठरलेल्या मताला हुबेहूब जुळेल, त्याच्याकडे जरा संशयाने पाहा.

आता मुलीचे. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही मनाशी लावलेला आहे, असे पत्रावरून वाटते, आणि तो तिला आपण नकोशा झालो आहोत असा आहे. अर्थ लावण्यात आपण कसे फसतो याचा एक दाखला देते. कुत्र्याने काही सांडले की त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव दिसतात, असे पाळणारे सगळेच सांगतात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की तो चेहरा मालक रागावल्यावर दिसतो, मग कुत्र्याने खरोखर काही केलेले असो वा नसो. चोवीस तास पायात घुटमळणाऱ्या प्राण्याचा चेहरा वाचण्यात आपली इतकी गफलत होते, तर आठ महिने जिचा चेहरा पाहिलेला नाही तिच्या मनात काय आहे हे आपण ठरवून टाकणे बरे नव्हे. ती रागावलेली असेल, संकोचली असेल, कदाचित तुमच्या फोनची वाट पाहत असेल. यातले खरे काय ते तिला विचारल्याशिवाय कळायचे नाही.

फोन अवघड वाटत असेल तर आधी दोन ओळी लिहून पाठवा. ‘त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होते. तू कशी आहेस ते ऐकायचे आहे, सवडीने कळव.’ एवढे पुरे आहे. त्यात स्वतःची बाजू मांडू नका, नोकरीचा विषय काढू नका आणि कोळी, पाल, गरुड यांपैकी कोणालाही मध्ये आणू नका. उत्तर लगेच येईल असे वचन मी देऊ शकत नाही. महिनाभर आले नाही तर पुन्हा तेवढेच लिहा, पण रोज लिहू नका. तोवर कोणता पक्षी खिडकीत बसतो आणि कोणता उडून जातो, यावर तो महिना मोजू नका. आणि पुढेही साध्यासाध्या निर्णयांसाठी खुणा शोधल्यावाचून पाऊल उचलवेनासे झाले, झोप उडाली किंवा खुणांची भीती वाटू लागली, तर एखाद्या समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून घ्या. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

राहिली अंडी. काही दिवस कोणीही त्यांच्यावर बसलेले नसेल तर ती आता फुटणार नाहीत आणि काढून टाकायला हरकत नाही. हातमोजे घाला, नाकातोंडावर मास्क लावा आणि कुंडीतल्या विष्ठेवर व काड्यांवर आधी पाणी शिंपडा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना त्रासदायक असते. घरात कोणाला दमा असेल तर त्याला खिडकीपासून दूर ठेवा. सगळे एका पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि कुंडी धुऊन उन्हात वाळू द्या. पुन्हा घरटे नको असेल तर ती रिकामी ठेवू नका, तिच्यात माती भरून काहीतरी लावा. हवे असेल तर तशीच राहू द्या. दोन्हीपैकी काहीही केलेत तरी त्याचा मुलीशी काही संबंध नाही.